डबा न धुता, रिकामा परत करावा

सौदीहून परतल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, तिकडे काय काय पाहिलंत? उंच इमारती, मॉल आणि वाळवंट ऐकायला लोक तयारच असतात. मी म्हणते, मी पेज पाहिली. मग समोरचा माणूस विषय बदलतो आणि खजुराचा भाव विचारतो. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहून काढावं.

गेले होते मुलाकडे, जेद्दाला. माझा नातू तिथल्या भारतीय शाळेत जातो. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो आणि दोघांचंही बरं चालतं. निघण्यापूर्वी आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजातून फोन आला होता. निवृत्त झाल्यावरही कॉलेज माणसाला सोडत नाही. वार्षिक अंकासाठी विषय दिला होता, 'सामाजिक उद्योजक कसा घडतो'. मी जन्मभर गृहविज्ञान शिकवलं, उद्योजक घडवल्याचा माझा काही लौकिक नाही. पण विषय ऐकताक्षणी मला रुखसाना आठवली.

रुखसाना माझी विद्यार्थिनी. दाभोळ खाडीच्या काठच्या गावातली, वर्गात खिडकीजवळ बसणारी, वहीत कमी आणि बाहेर जास्त बघणारी. लग्न होऊन ती सौदीत गेली आणि आता राबिघला आजारी कामगारांसाठी स्वयंपाकघर चालवते, एवढं कानावर होतं. आमच्या अभ्यासक्रमात 'आजाऱ्यांचा आहार' हा विषय मीच शिकवत असे. तेव्हा खरं सांगायचं तर मी राबिघला निघाले ते स्वतःचा वाटा बघायला. मास्तरकी केलेल्या माणसाला हा लोभ सुटत नाही.

राबिघ

जेद्दाहून उत्तरेला समुद्राच्या कडेने रस्ता जातो. डावीकडे तांबडा समुद्र, जो अजिबात तांबडा नाही, आणि उजवीकडे दूरवर धुरकट डोंगर. मध्ये सपाट, भुऱ्या रंगाची जमीन आणि तिच्यावर काही नाही. आमच्याकडे समुद्र दिसण्याआधी त्याची गाज ऐकू येते. इथे लाटाच नाहीत म्हटलं तरी चालेल. गाडी थांबवून मुद्दाम काठावर गेले तर पाणी नुसतं पडून होतं. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

गाव लहान आहे, पण तेल शुद्ध करण्याचा कारखाना अवाढव्य. तिथे दर काही काळाने 'शटडाऊन' लागतो, म्हणजे यंत्रं बंद करून दुरुस्ती होते, आणि त्या कामासाठी जगभरातून वेल्डर, फिटर, परांची बांधणारे येऊन कॅम्पात राहतात. रुखसानाचे यजमान युसूफभाई त्याच कामावर पाइपिंगचे सुपरवायझर. त्यांनी सकाळी बंदरावर जाऊन नाजल नावाचा मासा आणला होता. लालबुंद, वर निळे ठिपके. रुखसानाने नारळाच्या रसात त्याचं कालवण केलं. मी मासे खाते. न खाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. चव आपल्या हेकरूच्या जवळची, पण काटे कमी. मी तीनदा भात घेतला आणि पाहुणी असल्याचं विसरले.

जेवताना युसूफभाईंनी सहज सांगितलं की त्यांचं कंत्राट संपत आलंय, इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नाही, आणि उन्हाळ्याच्या आत दोघं कायमची गावी परतणार आहेत. मुलगा इम्रान पुण्याला शिकतो. मी रुखसानाला विचारलं, मग स्वयंपाकघर? ती म्हणाली, "तीच तर काळजी आहे, मॅडम. उद्या या, म्हणजे कळेल." आणि माझ्या ताटात चौथ्यांदा भात वाढायला लागली.

पेजेचं स्वयंपाकघर

स्वयंपाकघर गावाच्या जुन्या भागात, एका दवाखान्यामागे आहे. कागदोपत्री ते मुनीरा नावाच्या सौदी बाईच्या मालकीचं. मुनीरा तिशीची, तिथलीच. हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेली, पूर्वी इस्पितळात नोकरीला होती. रुखसाना आणि ती कशा भेटल्या हे दोघींनी मला मोडक्या इंग्रजीत, अरबीत आणि हिंदीत मिळून सांगितलं. रुखसाना इस्पितळात एका आजारी कोकणी माणसासाठी डबा घेऊन गेली असताना दारात अडवणारी होती मुनीरा. आता ती रुखसानाला 'उम्म इम्रान' म्हणते, म्हणजे इम्रानची आई. बाहेरचं अन्न आत न्यायला मनाई होती. रुखसाना हुज्जत घालत बसली नाही. तिने झाकण उघडून दाखवलं, आत काय आहे, कसं शिजवलं, मीठ किती, सगळं सांगितलं, आणि म्हणाली की डॉक्टरांना विचारा. मुनीराने खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले की हा माणूस इथली कोंबडी आणि खुब्ज, म्हणजे रोटी, खात नाही, त्याने हे खाल्लं तर उलट बरंच आहे.

तिथून सुरुवात झाली. पुढे परवाने मुनीराने काढले, जागा तिने घेतली, कंत्राटदारांशी तीच बोलली. माणूस लवकर उठून उभा राहिला तर त्यांचाही फायदा, हे तिने त्यांना पटवलं आणि आजाऱ्याच्या जेवणाचे पैसे ते देऊ लागले. शिजवणाऱ्या बायका म्हणजे नवऱ्याच्या मागे इथे येऊन घरात बसून असलेल्या शिकल्यासवरल्या बायका. एक केरळची, ती कंजी करते. एक बांगलादेशची, ती 'जाऊ' नावाची पेज करते. एक फिलिपिन्सची, तिच्या भातात आलं असतं. रुखसाना उकड्या तांदळाची पेज करते. मी एकेक घोट सगळ्यांचा घेतला. देश बदलला तरी आजारी माणसाला आई तेच देते, पाणी जास्त घातलेला भात. इतकी वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आले आणि ते मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

डब्यांच्या झाकणावर मात्र एक चिठ्ठी डकवलेली होती. तीच ओळ निरनिराळ्या लिप्यांत, त्यात एक मराठी: 'डबा न धुता, रिकामा परत करावा.' मला हे खटकलं. आमच्याकडे शेजारच्या घरचं भांडं रिकामं कुणी परत करत नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतो. आणि न धुता? रुखसानाच्या गावात काही वेगळी रीत असेल असं मला वाटेना. पण कामाची घाई होती, म्हणून गप्प बसले.

दुपारी काम आटोपल्यावर मी तिला माझा प्रश्न विचारला. हे सगळं तुझ्या मनात आलं कुठून? मी वही उघडून बसले होते आणि तिला आमच्या प्रात्यक्षिकाची आठवण होईल, अशी माझी खात्री होती.

झालीही. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकदा आम्हाला प्रयोगशाळेऐवजी सरकारी इस्पितळात नेलं होतं. नुसतं बसायला सांगितलं होतंत, जेवणाच्या वेळी वॉर्डात. काही करू नका, बघा म्हणालात."

मला आठवलं. आणि आठवलं तसं हसूही आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. त्या दिवशी प्रयोगशाळेतला गॅस संपला होता. दुसरा सिलिंडर येईना, मुलींना रिकामं ठेवायचं कसं, म्हणून मी त्यांना इस्पितळात नेलं होतं. त्यात कसली दृष्टी नव्हती. हे मी रुखसानाला तिथल्या तिथे सांगून टाकलं.

ती म्हणाली, "असू दे. पण मी बघितलं ना. ज्यांना घरून डबा आला ते उठून बसले. ज्यांना आला नाही ते भिंतीकडे तोंड करून निजले. त्यांना झोप आली नव्हती."

लहानपणी अब्बा दुबईत, आई एकटी. आईला मलेरिया झाला तेव्हा शेजारच्या घरातून डबा येत होता म्हणून आम्ही भावंडं जेवलो, असंही तिने सांगितलं. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. एक बाजू शिक्षणाची, एक परिसराची. लेख तयार झाला असं मला वाटलं. शिक्षकाला हे असं फार लवकर वाटतं.

मुनीराचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी मुनीरा लॅपटॉप घेऊन आली. सामाजिक उद्योगांना मदत करणाऱ्या एका कार्यक्रमासाठी तिला सादरीकरण करायचं होतं. निवड झाली तर आणखी गावांत अशी स्वयंपाकघरं उघडता येतील आणि रुखसाना गेल्यावरही हे काम तग धरेल. तिथल्या मार्गदर्शकाने तिला एक सल्ला दिला होता. ज्याला मदत मिळते त्यानेही काही परत द्यावं, नाहीतर तो कायम घेणाराच राहतो. बरा झालेल्या कामगाराने स्वयंपाकघरासाठी थोडं काम करावं, नळ दुरुस्त करावा, तारा जोडाव्यात. म्हणजे त्याचा मानही राहील. मुनीराने तसं एक पान केलं होतं आणि तिला ते मनापासून पटलं होतं.

मला तर फारच पटलं. मी उत्साहाने बोलायला लागले. आमच्या महाराष्ट्रात भांडं रिकामं परत करत नाहीत, हीच ती कल्पना, आमच्या आजीपणजीपासून चालत आलेली, तुमच्या मार्गदर्शकाने आज शोधली एवढंच. मुनीराने आनंदाने मान हलवली, तिच्या आजीकडेही अगदी असंच करायचे म्हणाली. मी झाकणावरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं आणि रुखसानाला म्हटलं की ही ओळ आधी काढून टाक, ही आपली रीत नव्हे.

रुखसाना परात पुसत होती. ती थांबली. मग तिने आम्हा दोघींना खाली बसायला सांगितलं आणि हिंदीत बोलू लागली, मुनीरालाही समजावं म्हणून.

सुरुवातीच्या काळात ती एकटी, घरूनच डबे पाठवायची. डबे परत यायचे ते धुतलेले आणि भरलेले. कुणी साबणाची वडी घातलेली, कुणी चीजचा तुकडा, कुणी खजूर, आणि बहुतेकांनी संत्रं. माणसं आपली, कोकणातली. रिकामा डबा त्यांच्या हातून सुटणार कसा? तिला फार छान वाटायचं. संध्याकाळी डबे उघडायला ती उत्सुक असायची. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की हे संत्रं इस्पितळाच्या ट्रेमधलं आहे. आजारी माणूस स्वतःच्या वाट्याचं फळ न खाता डब्यात घालतोय.

"आहार शिकलेली मी," ती म्हणाली, "आणि त्यांची फळं मी खात होते."

तरी तिने ते थांबवलं नाही. थांबवायचं कसं, लोकांना वाईट वाटेल, असं मनाशी म्हणत राहिली. त्यात दत्तारामचं झालं. दत्ताराम गुहागरकडचा, परांची बांधणारा. विषमज्वर होऊन इस्पितळात होता, तेव्हा त्याच्या डब्यातून संत्रं यायचं. थोडा बरा झाल्यावर त्याला कॅम्पात सोडलं. अजून कितीतरी दिवस त्याला मऊच खायचं होतं आणि रजा बिनपगारी. कॅम्पात ट्रे नाही, संत्रं नाही. डबा न्यायला माणूस गेला तेव्हा त्याने निरोप पाठवला, मी एकदम बरा झालो, आता डबा नको. रुखसानाला बरं वाटलं. एक माणूस बरा झाला म्हणून तिने दुसऱ्याचं नाव घेतलं.

दत्ताराम मेसमधलं तिखट कालवण आणि जाड रोटी खात राहिला. विषमज्वरात आतडं नाजूक झालेलं असतं, हे मी वर्षानुवर्षं शिकवलंय. त्याचं आतडं फुटलं. तातडीने शस्त्रक्रिया झाली म्हणून वाचला. रुखसाना भेटायला गेली आणि खोटा निरोप का पाठवलास म्हणून रागावली. तेव्हा तो जे बोलला ते तिने आम्हाला त्याच्याच बोलीत सांगितलं.

"वयनी, रिकामा डबा कसा धाडू? त्यात घालाया माज्यापाशी कायच नव्हता."

तो आता गावी असतो. जड उचलता येत नाही, परांचीचं काम गेलं. रुखसाना म्हणाली, "कंपनीने काही चुकवलं नाही, डॉक्टरांनी नाही. ती संत्री मला आवडायला लागली होती, मॅडम. तिथे चुकलं." त्या दिवसापासून तिने चिठ्ठी लावली. न धुता का, तर धुतलेला डबा आपल्या माणसाला रिकामा देववत नाही. खरकटा असला की देववतो.

इतका वेळ मी मोठ्या तोंडाने जी रीत मिरवत होते ती वाईट नव्हती. शेजारी शेजाऱ्याला भांडं देतो तेव्हा ती फार सुंदर आहे. पण ज्याच्या घरात साखरच नाही, त्याला ती उपाशी ठेवू शकते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मुनीराने हळूच लॅपटॉप मिटला. ती इंग्रजीत एवढंच म्हणाली की परीक्षक विचारणारच, घेणारा परत काय देतो, आणि माझ्याकडे उत्तर नसेल तर आपली निवड होणार नाही. मी विचार करते, असंही ती म्हणाली. रुखसाना म्हणाली, कर. पण तिचा चेहरा उतरला होता. आपण गेल्यावर ही चिठ्ठी झाकणावरून निघणार, ही तिची काळजी होती आणि ती मला आता समजली.

इस्पितळ

मी परत जेद्दाला जायच्या बेतात होते, तेवढ्यात रुखसानाच्या पोटात कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे. पूर्वीही दुखलं होतं म्हणे, पण दुसऱ्यांच्या पोटाची चिंता करणाऱ्या बाईला स्वतःचं पोट कुठे आठवतं. तिला त्याच इस्पितळात दाखल केलं आणि शस्त्रक्रिया झाली. मी मुक्काम वाढवला. युसूफभाईंना कामावर जाणं भाग होतं, आणि मला वॉर्डात बसण्याचा अनुभव होताच, गॅस संपल्याच्या दिवसापासूनचा.

मुनीराचं सादरीकरण नेमकं त्याच दिवसांत जेद्दाला होतं. ती काय बोलली असेल, याची रुखसाना वाट बघत होती. तोंडाने म्हणत नव्हती, पण दार उघडलं की मान वळायची. हलकं खाणं सुरू करायला डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा इस्पितळाच्या ट्रेमधून सूप आलं, जेली आली आणि एक संत्रं. सूप तिला जाईना. ती उशीवर डोकं टेकून पडून राहिली, आणि काही वेळाने भिंतीकडे वळली. मी तिच्या पाठीकडे बघत बसले. मला फार वाईट वाटत होतं.

मुनीरा आली ती डबा घेऊन. बाकीच्या बायकांनी मिळून उकड्या तांदळाची पेज केली होती, रुखसानाशिवाय पहिल्यांदाच. तूप नव्हतं, ते बरोबर होतं. रुखसाना उठून बसली, चमचा तोंडाला लावला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय." मी मनात म्हटलं, ही आता बरी होणार.

ती पीत असताना मुनीराने सांगितलं. परीक्षकांनी तो प्रश्न विचारलाच. ती म्हणाली होती, घेणारा काही परत देत नाही. आम्ही ते मागत नाही आणि दिलं तर घेत नाही. पैसे त्याला कामावर आणणारे देतात; आजारी माणसाचं काम एकच, खाणं. ते पान तिने आदल्या दिवशीच काढून टाकलं होतं. परीक्षकांपैकी एकाने मान हलवली, दुसरा काही लिहीत राहिला. निकाल लागायचा होता. निवड होवो न होवो, राबिघचं स्वयंपाकघर आहे तसंच चालेल, असं तिने सांगितलं. रुखसानाने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा डब्यात चमचा घातला.

पेज संपली. रुखसानाने चमचा ठेवला आणि तिचा हात आपोआप बाजूच्या ट्रेकडे गेला. संत्रं उचलून तिने रिकाम्या डब्यावर धरलं. तिला ते कळलंही नसेल. दत्तारामनेही असंच केलं असेल, आणि तिथे मी असते तर मीही.

मुनीराने हात पुढे केला होता, डबा घ्यायला. तिला मराठीतला एकच शब्द येतो, झाकणावरून शिकलेला.

"रिकामा, उम्म इम्रान," ती म्हणाली.

संत्रं डब्यावर तसंच राहिलं. देणाऱ्या माणसाला घेणं किती अवघड जातं ते मी तिच्या बोटांत बघितलं. मग तिने संत्रं ट्रेमध्ये ठेवलं आणि खरकटा डबा तसाच मुनीराच्या हातात दिला. तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

मुनीराने डब्याचं झाकण लावलं, तो पिशवीत घातला. मग खुर्ची ओढून पलंगाजवळ बसली, ट्रेमधलं संत्रं सोललं आणि त्याची एकेक फोड रुखसानाच्या तळहातावर ठेवत राहिली, ते संपेपर्यंत.